कामेरिकचं घर आणि त्याच्या खालची जमीन

प्रेषक: अनिकेत, उट्रेक्त
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५
विषय: कामेरिकचं घर, सोमवारी बारापर्यंत बोली

नमस्कार मंडळी,

गणपतीत ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना ठाऊक आहे, मी आणि केतकी इथे नेदरलँड्समध्ये वर्षभर घर शोधतोय. शहरात जमणार नाही हे आता आम्ही मान्य केलंय आणि वुर्डनच्या आसपासची गावं बघायला लागलोय. काल कामेरिकला एक घर पाहिलं. १९३४ सालचं, चार घरांच्या ओळीतलं कडेचं. समोर कालवा, मागे गवताची कुरणं आणि गायी. केतकी परसात उभी राहिली ती निघेचना. आतून सगळं नवीन रंगवलेलं, वॉलपेपर कोरा. फक्त स्वयंपाकघराचं दार जरा अडतं, खांद्याने ढकलावं लागतं, पण ते काय, सुतार एका दिवसात करून देईल.

मागितलेली किंमत ४,७५,००० युरो. विकणाऱ्यांच्या माकेलारने, म्हणजे घराच्या दलालाने, सांगितलं की बरेच जण बघून गेलेत, बोली सोमवारी दुपारी बारापर्यंत द्यायची आणि एकदाच द्यायची. कर्जाची अट आणि तपासणीची अट (कर्ज मिळालं नाही किंवा तपासणीत मोठा दोष निघाला तर माघार घेण्याची मुभा) काढून टाकली तर आमचं पारडं जड होईल, असंही सुचवलं. ५,००,००० पर्यंत जायची आमची तयारी आहे. अटी काढाव्यात का? ज्यांनी गावात घर घेतलंय त्यांनी कृपया लवकर कळवा.

अनिकेत


प्रेषक: वैशाली, वॅडिंक्सवेन
शुक्रवार, १२ सप्टेंबर, रात्री
विषय: उत्तर: कामेरिकचं घर

अनिकेत, केतकी,

अटी काढू नका. तुझं पत्र वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं आणि लिहायला बसले.

माझे वडील परभणीचे. काळ्या मातीत घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत खणायचं, जोतं पक्कं झाल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. तरी इथे घर घेताना मी खिडक्या, ऊन आणि बाग बघितली. जमीन बघितली नाही.

कामेरिकची जमीन म्हणजे कुजलेल्या झाडोऱ्याचा दलदली थर, पीट. बाराव्या शतकाच्या सुमाराला लोकांनी ही दलदल करार करून पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतली, चर खणले, पाणी काढलं. तुम्हाला घरामागे दिसलेली लांबच लांब सरळ कुरणं म्हणजे तेच पट्टे. त्या कराराला कोप म्हणत, म्हणून शेजारच्या वाडीचं नाव टेकॉप. पाणी काढलं की पीटला हवा लागते, पीट कुजतं आणि जमीन बसते. ती तेव्हापासून बसतेच आहे, अजून थांबलेली नाही.

अशा जमिनीवरची जुनी घरं दोन तऱ्हेची. एक म्हणजे खोल वाळूच्या थरापर्यंत ठोकलेल्या लाकडी खांबांवरची. दुसऱ्या तऱ्हेला कागदपत्रांत ‘ओप स्टाल’ म्हणतात. ते वाचून स्टीलचा पाया आहे असं समजू नका. खांब नाहीत, भिंत सरळ मातीवर उभी, एवढाच त्याचा अर्थ. असं घर जमिनीबरोबर खाली जातं. सगळीकडून सारखं गेलं तर फारसं बिघडत नाही, एका कोपऱ्यातून जास्त गेलं की भिंती तडकतात.

लाकडी खांबांचं वेगळं. लाकूड पाण्याखाली पूर्ण बुडालेलं असेल तर सहसा शंभर वर्षंसुद्धा टिकतं. भूजल खाली गेलं आणि खांबाचं डोकं उघडं पडलं की त्याला बुरशी लागते. काही जातींच्या लाकडाला तर पाण्याखालीही जिवाणू पोखरतात. आणि कालव्यातलं पाणी किती ठेवायचं हे तुमच्या हातात नसतं, ते वाटरस्खाप, म्हणजे पाण्याची पातळी सांभाळणारी सरकारी संस्था, ठरवते. शेतकऱ्याला गायी आणि ट्रॅक्टर रुतू नयेत म्हणून पाणी खाली हवं असतं, खांबांवरच्या घरवाल्याला वर हवं असतं. दोघांचंही खरं आहे.

आता माझ्या घराचं सांगते. १९२६ सालचं, तीन घरांच्या ओळीतलं मधलं, आम्ही २००९ मध्ये घेतलं. तेव्हा बोलीची घाई नव्हती, सवड होती, तरी पायाबद्दल कुणाला विचारलं नाही. तपासणीचा अहवाल होता, त्यात छप्पर, गटार, वायरिंग सगळं होतं. तपासनीस डोळ्यांना दिसतं तेवढंच बघतो, जमिनीखाली खणत नाही, हे मला माहीत नव्हतं. २०१८ चा उन्हाळा आठवतोय ना, किती कोरडा गेला? त्या ऑगस्टमध्ये जिन्याजवळच्या भिंतीवर पायऱ्या पायऱ्यांची भेग उमटली, विटांच्या सांध्यांतून वर चढत गेलेली. हिवाळ्यापर्यंत तिच्यात नाणं उभं मावायला लागलं.

मग पायाची तपासणी करणारे आले. त्यांनी दर्शनी भिंतीला लागून खड्डा खणला, पाणी उपसलं आणि मला खाली बोलावलं. मी गुडघ्यांवर बसून खांबाच्या डोक्याला नख लावलं. नख आत गेलं, ओल्या भाकरीत जावं तसं. ज्यावर आमची दोन मुलं झोपत होती ते लाकूड होतं ते.

दुरुस्ती एकट्याने करता येत नाही, कारण मधल्या भिंती दोन घरांच्या सामाईक असतात. डावीकडच्या आजी ऐंशीच्या पुढे, एकट्या, पेन्शनवर. त्यांना बँकेने कर्ज नाकारलं. पाया दुरुस्तीच्या कर्जासाठी असलेल्या खास फंडातून त्यांची सोय होईपर्यंत वर्ष गेलं. मग तळमजल्याची पूर्ण जमीन फोडली, लोखंडी नळ्या तुकड्या तुकड्यांनी जोडत घराच्या आतूनच खाली ढकलल्या आणि त्यावर काँक्रीटची लादी ओतून ती भिंतींत अडकवली. टेबलावर घर ठेवल्यासारखं. चार महिने आम्ही चौघं वरच्या दोन खोल्यांत होतो, स्वयंपाक बाथरूमशेजारी हॉटप्लेटवर. एका घरामागे लाखभर युरो सहज जातात. घराच्या विम्यात यातलं काही येत नाही.

म्हणून ते अडणारं दार मला सुताराचं काम वाटत नाही. दार अडतं म्हणजे चौकट तिरकी झाली असू शकते. कोऱ्या वॉलपेपरखाली काय आहे तेही कळायला हवं.

उद्याच परत जा. मुलांची एक गोटी खिशात ठेवा, प्रत्येक खोलीत सोडा आणि कुठे पळते ते बघा. खिडक्यांवरच्या विटांची ओळ सरळ आहे का ते रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघा. दाराशी पायऱ्या मोजा. खालची पायरी वेगळ्या विटेची, नंतर जोडलेली असेल तर घर जागेवर आहे आणि बाहेरची जमीन खाली गेली आहे. मग गॅसची आणि सांडपाण्याची नळी घरात शिरते तिथे ताण बसतो, ते विचारा. दर्शनी भिंतीत जमिनीपासून थोडं वर पितळी किंवा स्टीलचे छोटे खिळे दिसले तर भिंत किती खचते ते कुणीतरी मोजतंय. पुढच्या दारामागे जमिनीत बहुधा लाकडी झडप असते, ती उघडून टॉर्च घेऊन पोटावर झोपा आणि आत बघा. आणि सगळ्यात आधी शेजाऱ्याची बेल वाजवा. डच माणूस न बोलावता आलेल्याला घरात घेईलच असं नाही, पण सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देतो.

वैशाली


प्रेषक: हर्षद, आमेर्सफोर्ट
शनिवार, १३ सप्टेंबर
विषय: उत्तर: कामेरिकचं घर

वैशालीताईंशी शंभर टक्के सहमत. पैशांचं तेवढं सांगतो.

बँक घराच्या मूल्यांकनाइतकंच कर्ज देते, २०१८ पासून शंभर टक्क्यांच्या वर नाही. अपवाद ऊर्जाबचतीच्या कामांचा. तुम्ही ५,००,००० बोललात आणि मूल्यांकन ४,७०,००० आलं तर ३०,००० तुमच्या बचतीतून. त्यावर नोटारिस (खरेदीखत करणारा), मूल्यांकन, सल्लागार यांचा खर्च. हस्तांतरण कर २ टक्के. केतकी पस्तिशीच्या आत आहे आणि तिने ही सवलत आधी घेतलेली नाही, त्यामुळे तिच्या अर्ध्या वाट्यावर माफ. तुझ्या अर्ध्यावर साधारण ५,०००. पण घराचं मूल्य ५,२५,००० च्या वर गेलं तर तिचीही माफी पूर्ण जाते, २०२५ ची मर्यादा तेवढीच आहे. बोली चढवताना हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

कर्जाची अट काढली आणि बँकेने नाही म्हटलं तर करारातल्या १० टक्क्यांचा दंड, म्हणजे ५०,००० युरो. सही केलेल्या कराराची प्रत हातात आल्यावर तीन दिवस विचार बदलायची कायदेशीर मुभा असते. तेवढ्यात ना बँकेचा निर्णय येतो, ना कुणी पाया खणून बघतं. तिच्यावर विसंबून अटी सोडू नका.

आणि तुझी गाडी खासगी लीजवर आहे ना? ती नोंद बँकेला दिसते आणि कर्जाची रक्कम खाली येते. सल्लागाराला आधीच सांग.

हर्षद


प्रेषक: अनिकेत, उट्रेक्त
रविवार, २८ सप्टेंबर
विषय: उत्तर: कामेरिकचं घर

ताई, हर्षददादा, मंडळी,

कळवायला उशीर झाला. शनिवारी आम्ही परत गेलो. गोटी बैठकीच्या खोलीत हलली नाही, पण स्वयंपाकघरात मागच्या कोपऱ्याकडे अशी सुटली की केतकीला तिच्यामागे धावावं लागलं. मग शेजारी गेलो. पंचाहत्तरीचे गृहस्थ, दारातच लाकडी बूट घालत होते. पाया म्हटल्याबरोबर ते आम्हाला बाहेर घेऊन गेले, भिंतीतला खिळा दाखवला आणि वहीच काढून आणली. गेली नऊ वर्षं त्यांनी आपल्या भिंतीचे आकडे लिहून ठेवलेत. ओळीचा मागचा भाग खचतोय. चारही घरांनी मिळून दुरुस्ती करावी म्हणून त्यांनी दोनदा बैठक बोलावली, पण आम्ही बघितलेल्या घरातल्या आजी आजारी होत्या आणि पुढे वारल्या. आता मुलं विकतायत.

आम्ही ४,४०,००० ची बोली दिली, पायाची तपासणी आणि कर्ज, दोन्ही अटींसकट. मंगळवारी नकार आला. ज्यांनी घेतलं त्यांनी एकही अट घातली नव्हती. केतकी रात्री रडली. ते परसदार तिच्या मनातून जात नाहीये. त्या शेजाऱ्यांना मी फोन करून सांगितलं, तर म्हणाले, नवीन लोकांनाही वही दाखवीन.

पण नकाशा आता आम्ही वेगळ्या नजरेने बघतो. जुन्या ऱ्हाइनच्या काठाने वाळू-चिकणमातीचा उंच पट्टा आहे, रोमन लोकांनी वुर्डनचा किल्ला तिथेच बांधला होता. त्याच पट्ट्यावर हार्मेलनमध्ये १९८३ सालचं एक घर आलंय. काँक्रीटचे खांब आहेत, नगरपालिकेच्या दप्तरातून बांधकामाचे नकाशे मागवले, त्यात स्पष्ट दाखवलंय. परस लहान आहे, कालवा नाही. गावात स्टेशन नाही, पण वुर्डनपर्यंत सायकलने जाता येतं. येत्या शनिवारी साडेदहाची वेळ मिळाली आहे. ताई, तुम्ही याल का?

अनिकेत


प्रेषक: वैशाली, वॅडिंक्सवेन
रविवार, २८ सप्टेंबर
विषय: उत्तर: कामेरिकचं घर

येते. सव्वादहाला चर्चपाशी भेटा, आधी रस्त्यावरून बघू. टॉर्च माझा आणते, तू जुने कपडे घाल, झडपेखाली तुलाच उतरायचंय. केतकीला सांग, साबुदाण्याची खिचडी करून आणते आहे.

वैशालीताई