बोरॉन आर्सेनाइडमुळे चिप खरोखरच थंड राहतील का?

तांबट : ह्यूस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये बोरॉन आर्सेनाइडच्या (बोरॉन आणि आर्सेनिक यांच्या संयुगाच्या) स्फटिकाची उष्णतावाहकता २१०० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या वर मोजली, तांब्याची ४०० च्या आसपास असते. तेव्हापासून ‘आता उपकरणे तापणारच नाहीत’ असे जे बोलले जाते, ते मला पटत नाही. एक चौरस सेंटिमीटरच्या चिपमधून १०० वॅट उष्णता सरळ वर जाते असे धरले, तर चिपवरच्या २ मिलिमीटर जाड तांब्याच्या पट्टीत ५ अंशांचा फरक पडतो. पण तिच्या खालच्या, चिप आणि तांबे यांच्यातली फट भरणाऱ्या ५० मायक्रॉनच्या थर्मल पेस्टमध्ये, तिची वाहकता ५ धरली तर, तब्बल १० अंशांचा. तांब्याऐवजी हा स्फटिक बसवून जेमतेम चार अंश वाचतील. खरी अडचण पेस्टची आहे.

अणुरेणू : आकडेमोड बिनचूक आहे, गृहीतक मात्र नाही. उष्णता चिपभर सारखी निर्माण होत नाही. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाच्या ट्रान्झिस्टरमध्ये ती अगदी चिंचोळ्या पट्ट्यात साठते आणि तिथला भाग पेस्टपर्यंत पोहोचण्याआधीच भाजून निघतो. म्हणून हा पदार्थ हीटसिंकमध्ये (चिपवर बसवलेल्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागात) नव्हे, तर थेट ट्रान्झिस्टरखाली हवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील गटाने २०२१ मध्ये नेमके तेच केले आणि तेवढ्याच शक्तिघनतेला (दर क्षेत्रफळामागच्या शक्तीला) सर्वांत तापणाऱ्या बिंदूचे तापमान ट्रान्झिस्टरखाली हिरा असतानापेक्षाही कमी राहिल्याचे दाखवले.

तांबट : प्रयोगशाळेतला एक ट्रान्झिस्टर आणि कारखान्यातली वेफर (जिच्यावर चिप घडवतात ती स्फटिकाची चकती) यांत मोठे अंतर आहे. उलट पेस्टच्या जागी गॅलियमयुक्त द्रवधातू (खोलीच्या तापमानालाही द्रव राहणारा धातू) आजच वापरात आहे. २०२० च्या प्लेस्टेशन ५ या गेमयंत्रात सोनीने पेस्टऐवजी द्रवधातूच घातला. गॅलियम अॅल्युमिनियमला पोखरतो, त्यामुळे तो सांडू न देण्याची तजवीज करावी लागते, हे मान्य. पण ती करता येते.

सहज : आर्सेनिक विषारी म्हणून इथे कोणी नाके मुरडण्याआधी सांगतो, मोबाइलमधल्या अॅम्प्लिफायरमध्ये गॅलियम आर्सेनाइड कधीपासून आहे. अडचण आहे ती स्फटिक वाढवण्याची. आर्सेनिक चटकन उडून जाते, बोरॉन सहजी वितळत नाही, वाढीला आठवडे लागतात आणि हाती येतात मिलिमीटरभराचे तुकडे. २०१३ मध्ये सिद्धान्ताने हिऱ्याइतक्या वाहकतेचे भाकीत केले होते. २०१८ मध्ये प्रत्यक्ष मोजमाप १००० ते १३०० भरले. नवा आकडा मुख्यतः शुद्धतेची कमाई आहे, आणि मोठ्या वेफरवर तीच टिकवणे सर्वांत अवघड.

अणुरेणू : मग द्रवधातूशी तुलनाच गैरलागू ठरते. तो चिपच्या बाहेर काम करतो, हा आत. रडारच्या किंवा मोबाइल टॉवरच्या अॅम्प्लिफायरला मिलिमीटरभराचा तुकडाही पुरेसा आहे.