एनबीएतले सॅक्रामेंटो किंग्ज, जुलै २०२५: धीर धरायचा तो नेमका कशाच्या जोरावर?

जांभळाप्रकाश
कालच्या धाग्यावर फॉल्समकाका म्हणाले, ‘लविन, डीरोझन, साबोनिस असे तीन ऑलस्टार आहेत, आता श्रोडरही आला, जरा धीर धरा, पश्चिम विभागात पहिल्या सहांत येऊ.’ तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण लांबलं. म्हणून हा वेगळा धागा.

लविन आणि डीरोझन यांनी शिकागोत एकत्र संसार करून झालाय. २०२१ ते २०२४ या तीन मोसमांत प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी) एकदाच, आणि तिथेही मिलवॉकीने पाच सामन्यांत गाशा गुंडाळायला लावला. पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा) फॉक्स घालवून आपण तीच जोडी पुन्हा जुळवली. लविनला येत्या मोसमाचे ४ कोटी ७५ लाख डॉलर. त्यापुढच्या वर्षी करार चालू ठेवायचा की नाही, हा ऑप्शन त्याच्याच हातात, आणि तेवढे पैसे सोडायला तो खुळा नाही. डीरोझन ऑगस्टमध्ये ३६ पूर्ण करतोय. साबोनिसने सलग तीन मोसम लीगमध्ये सर्वाधिक रिबाउंड (नेम चुकून उसळलेले चेंडू) घेतले, मान्य. पण बास्केटकडे कोणी घुसलं की त्याची अडचण अशी कुणाला होत नाही. एप्रिलमध्ये डॅलसने आपल्याच घरात १२०-१०६ केलं. त्यांच्याकडे त्यांचे तारे, डॉन्सिच नव्हता, अर्व्हिंगही नव्हता!

आणि ड्राफ्ट, म्हणजे नव्या पोरांची निवड? आपला पहिल्या फेरीचा पिक (निवडीची पाळी) ह्युर्टरला आणण्याच्या जुन्या व्यवहारात अटलांटाला गेलेला. मग फॉक्सच्या बदल्यात आलेला स्पर्सचा २०२७चा पिक ओक्लाहोमाला देऊन २४व्या नंबरला क्लिफर्ड घेतला. पोरगा गुणी असेल, पण २३ वर्षांचा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. साबोनिसला भाव आहे तोवर विका. मरी, एलिस आणि कार्टर ही पोरं ठेवा. बाकी दुकान आवरा.

फॉल्समकाका
माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे.
रीबिल्ड (संघ मोडून नव्याने उभारणं) तुम्ही वाचलाय, आम्ही भोगलाय. २००६ नंतर प्लेऑफ दिसायला २०२३ उजाडलं. १६ मोसम! एनबीएच्या इतिहासात इतका उपास कुणी केलेला नाही. मुलगा पाळण्यात होता तेव्हापासून तो ड्रायव्हिंग शिकेपर्यंत दर ऑक्टोबरला ‘या वर्षी पोरं तरुण आहेत, बघत राहा’. खाली जाऊन वरचा पिक मिळतो हो, अक्कल मिळत नाही. २०१८ला दुसरा नंबर होता. डॉन्सिच समोर असताना बॅगली घेतला. आता तेच लोक साबोनिस विकून हिरे आणणार?
आणि गेल्या मोसमात पॉइंट गार्ड होता कुठे? फॉक्स गेल्यावर मंकला ओढून-ताणून तिथे उभा केला. श्रोडर आला म्हणजे निदान चेंडू वेळेवर पलीकडे जाईल.

वॉरियर्सवाली
२०२३चा उपास सुटला तो सातव्या सामन्यात आमच्या करीचे ५० पॉइंट पाहून. पारणं कसं होतं काका? :)

निवृत्त_पॉइंटगार्ड
दोघंही फांद्या छाटताय. बुंधा मालकाच्या खोलीत आहे.
मालक रणदिवे २०१३ला आले. तेव्हापासूनचे प्रशिक्षक मोजा: मलोन, कॉर्बिन, कार्ल, योर्गर, वॉल्टन, जेंट्री, ब्राऊन आणि आता क्रिस्टी. मलोनला ११-१३ वर असताना काढला, तेही मुख्य खेळाडू कझिन्स मेनिंजायटिसने आजारी असताना. तोच मलोन २०२३ला डेन्व्हरला विजेतेपद देऊन मोकळा. ब्राऊनला त्याच वर्षी एकमताने सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं आणि पुढच्याच्या पुढच्या डिसेंबरात नारळ. आता तो न्यूयॉर्कला निघालाय. अशा घरात श्रोडर येवो नाहीतर वॉरियर्सचा कुमिंगा, काय फरक पडतो?

गिरगाव_टू_गोल्डनवन
आला का मालकावर! मुंबईत जन्मलेला माणूस एनबीए संघाचा मालक झाला, याचं आपल्याच लोकांना पोटात दुखतं.
२०१३ला संघ सिएटलला चालला होता. तेव्हा रणदिवे आणि मंडळी मध्ये पडली नसती तर तुम्ही आज रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीवर) भांडला नसता, फक्त आठवणी काढल्या असत्या. शहरात नवं अरीना २०१६ला कुणी उभं केलं?
आणि २०१९चा ऑक्टोबर. वरळीच्या डोममध्ये किंग्ज विरुद्ध पेसर्स. माझे बाबा तरुणपणी नागपाड्याच्या कोर्टावर खेळलेले. दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला त्यांना घेऊन गेलो. वॉर्म-अप सुरू होता, खेळाडू एकामागून एक ले-अप टाकत होते. बाबा पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे, नुसते पायांकडे बघतायत. म्हणाले, ‘आवाज ऐक बुटांचा. लाकूड खरं आहे.’ सामना आपण २४ने हरलो, त्यांना पत्ताही नव्हता. हे रणदिव्यांमुळे झालं.

निवृत्त_पॉइंटगार्ड
आपला तो बाब्या, बाकी सगळे कार्टे. वडिलांचा प्रसंग छान आहे, पण त्याने डिफेन्स सुधारत नाही.
चार जणांनी डिफेन्स करायचा आणि एकाने पलीकडच्या बास्केटखाली उभं राहायचं, ही कल्पना कुणाची म्हणून २०१४ला छापून आली होती? मुलीच्या शाळकरी टीमला फुल-कोर्ट प्रेस (मैदानभर दबाव) शिकवला म्हणून मालकांना एनबीए कळत नाही. वरळीनंतर भारतात एक तरी सामना झाला का? नागपाड्याच्या पोरांना काय मिळालं?

गिरगाव_टू_गोल्डनवन
तुमच्या वडिलांना कधी नेलंत का सामन्याला? मग बोला. सिम भुल्लरला २०१५ला कोर्टवर कुणी उतरवलं? भारतीय वंशाचा पहिला खेळाडू.

निवृत्त_पॉइंटगार्ड
वडील काढायचं काम नाही. भुल्लर किती मिनिटं खेळला तेही लिहा की.

फॉल्समकाका
अहो, बास! विषय रोस्टरचा होता. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांनाही या संघाचं समजतं. संघ जिंकला की अरीनातून आकाशात सोडतात तो जांभळा किरण रात्री गॅलरीत जाऊन शोधतात. नाही दिसला की आत येऊन विचारतात, ‘आजपण हरले का मेले?’

जांभळाप्रकाश
सासूबाईंना जनरल मॅनेजर करा, पेरींपेक्षा वाईट नाही होणार.
काका, श्रोडरबद्दल एक देतो. चेंडू पलीकडे नेईल. तीन वर्षं आणि जवळपास साडेचार कोटी डॉलरला तेवढं तरी करावं त्याने. पण त्याचा पगार बसवायला सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) वालान्च्यूनस डेन्व्हरला दिला आणि बदल्यात सारिच घेतला. आता साबोनिस बसला की सेंटर कोण, तुम्ही?

फॉल्समकाका
उंची कमी पडेल, नाहीतर तयार होतो.
लविनला गिऱ्हाईक मिळालं तर मीच पेढे वाटेन, हे लिहून घ्या. पण साबोनिस नाही. त्याच्या हॅन्ड-ऑफशिवाय (हातात चेंडू सोपवण्याशिवाय) मरीला मोकळा थ्री (लांबून तीन पॉइंटचा नेम) कोण देणार? पहिल्याच मोसमात २०६ थ्री टाकले होते पोराने, नवख्या खेळाडूंचा तेव्हाचा विक्रम, ते याच्याच जिवावर.

जांभळाप्रकाश
बरं, म्हणजे तुम्ही लविनपर्यंत आलात. ऑक्टोबरपर्यंत साबोनिसपर्यंतही याल.

वॉरियर्सवाली
कुमिंगा हवा असेल तर मंक नको आम्हाला, एलिस द्या.

फॉल्समकाका
एलिसला हात लावायचा नाही.

जांभळाप्रकाश
एलिसला हात लावायचा नाही.

निवृत्त_पॉइंटगार्ड
मालक लावतील बघा.