अनुभव धागा: नदीत उतरण्याआधी पिशवीत काय भरलंत?

चिंब_ओली:
गेल्या शनिवारी कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करून आलो. सोमवारी ऑफिसात चारजणींनी एकच प्रश्न विचारला, "सोबत काय न्यायचं?" म्हटलं धागाच काढू. तुम्ही कुठल्याही नदीत तरंगून आला असाल, तर काय नेलंत, काय विसरलात, काय उगाच वाहून नेलंत ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

आम्ही पुण्याहून नऊजण, ताम्हिणीमार्गे. सगळ्यांना पहाटे साडेचारला उठवलं म्हणून मी शिव्या खाल्ल्या, पण तिथे आपल्या घड्याळाला कोणी विचारत नाही. ही नदी वर्षभर चालते ती पावसाच्या जिवावर नाही. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं (हे वीजघर १९२७ पासूनचं), टर्बाइन फिरवतं आणि मग कुंडलिकेत जातं. सकाळी पाणी सुटलं की राफ्ट सुटतात. उशीर झाला तर पात्रातले गोटे बघत बसायचं. गंमत म्हणजे येताना जो जलाशय बघून आम्ही फोटो काढले, त्यातलंच पाणी दोन-तीन तासांनी नाकातोंडात गेलं!

सामानाचं म्हणाल तर जीन्स नको म्हणजे नकोच. माझ्या जावेने घातली होती. ओली झाल्यावर तिला राफ्टमधून वर ओढायला तिघं लागले आणि परतीच्या बसमध्ये ती साडेतीन तास प्लास्टिकच्या पिशवीवर बसून आली. सुके कपडे गाडीत ठेवले होते, पण आतले कपडे विसरलो. सगळेच. यादीत ते लिहायला लाज वाटली होती ना!

काठावरची:
आतल्या कपड्यांना +१. मी लाइफ जॅकेट घालून काठावर चहा प्यायले. तोही अनुभवच.

चष्मिष्ट:
ऋषिकेश, नोव्हेंबर, शिवपुरीपासून खाली साधारण १६ किलोमीटर. माझा नंबर उणे सहा. चष्मा काढला तर समोरचा रॅपिड (पाण्याचा खळाळता टप्पा) सोडा, वल्हंही दिसत नाही. पट्टा घ्यायचा राहिला होता, तेव्हा आईने हॉटेलच्या खोलीत तिच्या पर्समधला काळा करगोटा काढला, दोन्ही काड्यांना गाठ मारून मागे डोक्याशी आवळला. "रोलर कोस्टर" नावाच्या रॅपिडमध्ये राफ्ट उभी राहिली, गाइडची टोपी गेली, पुढच्या दोघांच्या चपला गेल्या, माझा चष्मा जागेवर. तेव्हापासून चपलांबाबत माझं ठाम मत आहे: मागे पट्टा नसेल तर ती चपल नदीचीच समजा.

"गोल्फ कोर्स" हा पुढचा रॅपिड झाल्यावर पाणी संथ झालं आणि गाइड म्हणाला, उडी मारा, दोरी धरून ठेवा. मारली. पाणी इतकं गार की पहिले काही क्षण छातीत श्वासच जाईना. नोव्हेंबरात जाणाऱ्यांनी अंगाला चिकटणारा, लवकर वाळणारा लांब बाह्यांचा टीशर्ट घ्या. सुती बनियनने मी तासभर कुडकुडलो. आणि पावसाळ्यात तिथे राफ्टिंग बंद असतं, तेव्हा ऑगस्टची तिकिटं काढू नका. (काढली होती. रद्द केली.)

सत्तरीकर:
आमच्याकडे गोव्यात नेमकं उलट. म्हादईत उतरायचं तर पाऊसच हवा. वाळपईच्या पुढे उस्त्याहून सुरुवात. जूनच्या अखेरीस गेलो, वरून पाऊस, खालून नदी, सुकं ठेवण्यासारखं काही उरतच नाही. रेनकोट नेला होता, का ते देव जाणे.

ओझार्कवासी:
आम्ही अमेरिकेतल्या बेंटनव्हिलची चार मराठी कुटुंबं. आर्कान्सामध्ये बफेलो नदी आहे, १९७२ पासून राष्ट्रीय नदी म्हणून राखलेली. इथे राफ्ट नाही, कनू (अरुंद, लांबट होडी). स्वतः वल्हवायचं, गाइड नाही, त्यामुळे चूकही स्वतःचीच. पोंकाहून काइल्स लँडिंगपर्यंत साधारण साडेदहा मैल, दोन्हीकडे उंच कडे. वरच्या टप्प्याला वसंतातच पुरेसं पाणी असतं. उन्हाळ्यात गेलात तर कनू खेचत चालावं लागतं. जुनी मंडळी पोंकाच्या बुटक्या पुलाखाली किती इंच मोकळी जागा दिसते त्यावरून पाणी सांगतात. जागा फारच कमी दिसली तर घरी जायचं.

काच न्यायला बंदी आहे, म्हणून लोणच्याची बरणी घरीच राहिली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ नेला. ड्राय बॅगचं (पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीचं) तोंड आतली हवा दाबून निदान तीन वेळा गुंडाळायचं, मगच क्लिप. आमच्या एका मित्राने एकदाच दुमडलं. बॅग वरून कोरडी ठक्क, उघडली तर आत दशम्यांचा लगदा आणि त्यात तरंगणारा पासपोर्ट. पासपोर्ट कशाला आणला होता, हे त्याची बायको अजून विचारते.

पण खरा घोळ पुढेच. पैसे वाचवायला गाड्यांची ने-आण आम्हीच ठरवली. एक गाडी आदल्या संध्याकाळी काइल्सला, दुसरी पोंकाला. संध्याकाळी दमून, भाजून काइल्सला पोचलो. खालच्या गाडीची किल्ली माझ्या जॅकेटच्या खिशात. जॅकेट पोंकाच्या गाडीत. मोबाइलला रेंज नाही. एका अनोळखी आजोबांनी पिकअपच्या मागे बसवून तो खडीचा चढ चढवून नेलं. आता किल्ली गळ्यात, दोरीला, मंगळसूत्रासारखी.

चिंब_ओली:
@ओझार्कवासी, हसून पुरेवाट. @चष्मिष्ट, करगोटा यादीत टाकला.

काठावरची:
पुढच्या महिन्यात कोलाडला मीही येणार, या वेळी राफ्टमध्ये. दशम्या दुधातल्या की पाण्यातल्या, तेवढं सांगा.