वेदना परिषदेला सत्राचा प्रस्ताव पाठवायचाय: ऊसतोड कामगारांची पाठदुखी हा विषय कसा मांडू?

फिजिओ_पलूस

नमस्कार मंडळी. मी पलूस तालुक्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीडकडच्या, जतकडच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. मग संध्याकाळी दवाखान्यात बहुतेक पेशंट ऊसतोडीचेच. कंबर, खांदा, कोयत्याच्या हाताचं मनगट.

वेदना-उपचारावरच्या एका परिषदेनं सत्रांचे प्रस्ताव मागवलेत. पेपर किंवा पोस्टर नव्हे, दीड तासाचं पूर्ण सत्र, तीन वक्ते. फॉर्मात शीर्षक, अडीचशे शब्दांत सारांश, श्रोत्यांसाठी तीन उद्दिष्टं आणि प्रत्येक वक्ता काय बोलणार हे विचारलंय. माझा कच्चा मसुदा असा: 'ऊसतोड कामगारांमधील स्नायू व सांध्यांच्या वेदना: एक सर्वांगीण दृष्टिकोन'. पहिला वक्ता कारणं सांगेल, दुसरा औषधं, तिसरी मी, व्यायामावर.

अडचण एकच. माझा पेशंट मार्चपर्यंतच माझा असतो. हंगाम संपला की टोळी गाडी भरून निघते, पुढच्या वर्षी तोच माणूस येईल याची खात्री नाही. माझ्याकडं नोंदवही आहे, पण सहा महिन्यांचा फॉलोअप कुणाचाच नाही. अशा विषयाला मोठ्या परिषदेत सत्र मिळतं का? ज्यांनी प्रस्ताव पाठवलेत किंवा तपासलेत त्यांनी सांगावं.

कराडकर_ऑर्थो

विषय चांगला आहे, पण यंदा पोस्टर टाका असं सुचवेन. सत्र मिळवायचं तर वक्त्यांत दोन तरी मोठी नावं लागतात, आणि फॉलोअप नसेल तर प्रश्नोत्तरांत लोक सोडत नाहीत. आधी एका हंगामाचा नीट अभ्यास करा, मग सत्र मागा.

मिरजेची_भूल

मी भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं वेदना-उपचाराची ओपीडी चालवते. परिषदांच्या वैज्ञानिक समितीवर बसून प्रस्ताव वाचलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कराडकर सरांचा पोस्टरचा सल्ला अभ्यासाच्या दृष्टीनं बरोबर आहे, पण इथं तो मला पटत नाही. पोस्टर म्हणजे तुम्हाला काय सापडलं ते. सत्र म्हणजे सगळ्यांनी मिळून कशावर डोकं चालवायचं ते. दुसऱ्यासाठी तुमच्याकडं फॉलोअप असायलाच हवा असं नाही, प्रश्न खरा हवा. आणि मोठ्या नावांचं म्हणाल तर तीन मोठी नावं आणि तीन सुटी व्याख्यानं असे प्रस्ताव ढिगानं येतात. त्यांत एकमेकांशी बोलणारं काही नसतं, म्हणून ते मागं पडतात.

फिजिओताई, तुमच्या मसुद्यात खरं सत्र कुठं आहे माहितीय? 'अडचण एकच' या परिच्छेदात. 'सर्वांगीण दृष्टिकोन' काढून टाका, ते कुठल्याही विषयाला चिकटवता येतं. त्याजागी सरळ लिहा: 'विश्रांती घेता येत नाही आणि मार्चमध्ये जिल्हा सोडायचाय: अशा पेशंटची पाठदुखी कशी सांभाळायची?' हे वाचल्यावर समितीतला माणूस पुढचं पान उलटतोच.

आता कॅलेंडर बघा. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे, म्हणजे आयसीडी-११ प्रमाणे, तीन महिन्यांहून जास्त टिकणारी किंवा परत परत येणारी वेदना म्हणजे जुनाट वेदना. नोव्हेंबरात मोळी उचलताना ज्या बाईची कंबर धरली, ती फेब्रुवारीत त्या व्याख्येत बसते आणि मार्चमध्ये निघून जाते. म्हणजे ताजं दुखणं जुनाट होण्याचा सगळा प्रवास तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच टेबलावर होतो. शहरातल्या पेन क्लिनिकला तोच पेशंट चार-पाच वर्षांनी, एमआरआयची पिशवी घेऊन दिसतो. त्या तीन महिन्यांत काय करता आलं असतं, हे बोलायचा अधिकार तुमचा जास्त आहे. सारांशाच्या पहिल्या दोन वाक्यांत हे आलं पाहिजे.

दुसरं, सत्रात मतभेद ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३मध्ये मोठ्यांच्या जुनाट पाठदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. पेशंटला दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मानसोपचारातल्या काही पद्धती, दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांना त्यात जागा आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून पाठ ताणणं) आणि अफूजन्य वेदनाशामकं नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असं म्हटलंय. कागदावर मला हे मान्य आहे. पण माझ्याकडं आलेल्या एका बाईंनी साडीवरून करकचून बांधलेला पट्टा सोडून टेबलावर ठेवला. घामानं कडक झालेला, कडेचं वेल्क्रो उसाच्या पाचटानं भरलेलं. म्हणाल्या, "ह्यो नसला तर मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रॉलीत चढताच येत न्हाई. आन् चढली न्हाई तर उचल कशी फिटायची?" त्यांना मी काय सांगायचं? हा प्रश्न तुमच्या सत्रात दोन वक्त्यांनी समोरासमोर घ्यावा. एकानं पुराव्याच्या बाजूनं, दुसऱ्यानं फडाच्या बाजूनं. प्रस्तावात तसं स्पष्ट लिहा.

गोळ्यांचंही तसंच. सूचनांत त्या आहेत, पण त्या उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाचा विचार करून लिहिलेल्या नाहीत. फडावर आडोसा नसतो म्हणून बायका पाणीच कमी पितात, आणि मेडिकलमधून अशाच गोळ्यांची, म्हणजे डायक्लोफेनॅक-अ‍ॅसिक्लोफेनॅकची पाकिटं चिठ्ठीशिवाय येतात. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये, ऊसतोड कामगारांत मधुमेह-रक्तदाब नसताना किडनी निकामी होण्याचा आजार बरीच वर्षं अभ्यासला जातोय. त्यात उष्णता आणि शरीरातलं पाणी कमी होणं यांवर मुख्य संशय आहे, आणि वेदनाशामक गोळ्या भर घालतात का हेही तपासलं जातंय. तुमच्या औषधांच्या वक्त्यानं डोसांची यादी वाचण्यापेक्षा हे बोलावं.

वेळ अशी वाटा: वीस-वीस मिनिटांची तीन भाषणं, उरलेला अर्धा तास चर्चेला. तो अर्धा तास अध्यक्षानं राखायचा आणि कोण राखणार त्याचं नाव प्रस्तावात द्यायचं. वक्ते एकाच धंद्यातले नकोत. तुम्ही, एक वेदनातज्ज्ञ किंवा गावातला जनरल प्रॅक्टिशनर, आणि तिसरं कुणीतरी फड आतून जाणणारं. कामगारांसोबत काम करणारा कार्यकर्ता किंवा स्वतः तोड केलेली बाई. समितीला हे आवडेल की नाही याची काळजी करू नका. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे आयएएसपीनं, २०२०मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा जोडलेल्या टिपांत, माणूस आपल्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, हे लिहिलेलं आहे. मग त्या माणसाला सभागृहात का बोलावू नये?

उद्दिष्टांबद्दल एवढंच: 'माहिती मिळेल', 'जाणीव होईल' हे उद्दिष्ट नव्हे. श्रोता सोमवारी ओपीडीत काय वेगळं करेल ते लिहा. उदाहरणार्थ, 'पाठदुखीच्या पेशंटमध्ये ताप, वजन घटणं, रात्रीही न थांबणारं दुखणं, पायातली ताकद किंवा लघवीवरचा ताबा जाणं ही धोक्याची लक्षणं पहिल्याच भेटीत विचारून मणक्याचा टीबी वा नसांवरचा दाब वेळेत ओळखता येईल.' टोळीतल्या माणसाची दुसरी भेट होईलच असं नाही, म्हणून 'पहिल्याच भेटीत' हे शब्द राहू द्या.

फिजिओ_पलूस

मॅडम, खूप आभार. मी उलट फॉलोअपचा मुद्दा शेवटी बारीक अक्षरात टाकणार होते. आता तो वर घेते.

दोन शंका आहेत. नोंदवहीतले आकडे सारांशात द्यावेत का? आणि फड जाणणारी व्यक्ती म्हणून एका बाईंना विचारायचं मनात आहे. त्या अनेक हंगाम तोडीला आल्यात, बोलायला खणखणीत. पण परिषदेत सगळं इंग्रजीत चालतं, त्यांचं कसं होणार?

सातारा_गायनॅक

मध्येच बोलते, कारण एक बाजू सुटतेय. कंबर दुखते म्हणून येणाऱ्या या बायकांपैकी कितीतरी जणींची तक्रार ओटीपोट, पांढरं जाणं, पाळी यांच्याशी जोडलेली असते, आणि त्या ती फिजिओपुढं किंवा पुरुष डॉक्टरपुढं काढत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला २०१९मध्ये समिती नेमावी लागली होती. पिशवी काढली की पाळीची खाडा-सुट्टी नको आणि कंबरही थांबेल, ही समजूत अजून ऐकू येते. कंबर काही थांबत नाही. अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ व्हायची भीती, म्हणजे पाठीवर आणखी एक ओझं.

तुमच्या सत्रात हे आलं नाही तर निम्म्या पेशंटचं दुखणं बाहेर राहील. चौथा वक्ता नको, वेळ पुरणार नाही. पण धोक्याच्या लक्षणांच्या शेजारी एक प्रश्न घाला: पिशवीचं ऑपरेशन झालंय का, कधी, आणि कशासाठी? हा प्रश्न एकांतात विचारायचा, नवऱ्यासमोर किंवा मुकादमासमोर नाही.

मिरजेची_भूल

साताऱ्याच्या मॅडमनी अगदी नेमकं सांगितलं. हा प्रश्न दुसऱ्या उद्दिष्टात जसाच्या तसा घ्या.

आकडे तूर्त देऊ नका. नोंदवहीतून काढलेले आकडे परिषदेत मांडणं हे संशोधन धरलं जातं, त्याला नैतिकता समितीची परवानगी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचना एकदा वाचून घ्या. स्वतःची समिती नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या कुणाला तरी सोबत घेऊन त्यांच्या समितीकडं अर्ज करता येतो का ते विचारा. पुढच्या हंगामासाठी तो अर्ज आत्ताच करा, म्हणजे कराडकर सरांचा अभ्यासही होईल. सत्राच्या प्रस्तावाला आकड्यांवाचून काही अडत नाही. फोटो लावायचा तर लेखी संमती घ्या आणि चेहरा झाका.

त्या बाईंना नक्की विचारा. त्यांनी मराठीत बोलावं, शेजारी बसून तुम्ही वाक्यागणिक इंग्रजी करा. त्यांना वीसच्या जागी पंचवीस मिनिटं लागतील, तेवढी वेळापत्रकात धरा. आयोजकांना प्रवास, राहणं आणि बुडालेली मजुरी यांचं काय, हे प्रस्ताव देतानाच लेखी विचारा. बहुतेक परिषदा वक्त्यांकडूनही नोंदणी शुल्क घेतात. डॉक्टरला ते झेपतं. त्यांच्यावर पडता कामा नये. आणि परिषद हंगामात येत असेल तर मुकादमाची परवानगी हा वेगळाच विषय होईल, तारीख आधी बघा.

कराडकर_ऑर्थो

मिरजेच्या मॅडमचं पटलं. पट्ट्याच्या वादात पुराव्याची बाजू मांडायला कुणी नसेल तर मी येतो. मीही पेशंटना पट्टे लिहून देतो, त्यामुळं विषय माझ्याही जवळचा आहे. हितसंबंधाच्या रकान्यात कुठल्या कंपनीकडून काही घेतलेलं नाही असं लिहून देईन.

फिजिओ_पलूस

सर, तुम्ही आलात तर फारच छान! मसुदा नव्यानं लिहून रविवारी इथंच टाकते. पुढंमागं जागतिक काँग्रेसलाही पाठवावा असं डोक्यात आहे.

मिरजेची_भूल

जरूर पाठवा. आयएएसपीची जागतिक काँग्रेस दोन वर्षांनी भरते, २०२२ला टोरांटोत झाली, २०२४ला ॲमस्टरडॅमला. तिथं सगळे वक्ते एकाच देशातले असतील तर बाजू लंगडी पडते, तेव्हा मध्य अमेरिकेतल्या किडनीच्या अभ्यासकांपैकी कुणाला तरी आतापासून ईमेल करून ठेवा. शेवटची तारीख कुठल्या देशाच्या घड्याळानं धरलीय तेही बघा, आणि फॉर्म आदल्या दिवशीच भरून टाका. त्याआधी त्या बाईंचा होकार घ्या. विचारल्याशिवाय कुणाचंही नाव फॉर्मात घालू नका, कराडकर सरांचंसुद्धा लेखी घ्या.