मदत हवी आहे: जावाचा हिशोब आयफोनवर न्यायला जे-टू-ऑब्जसी की कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म?

सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांसाठीचं अँड्रॉइड अॅप आहे. त्यातला जावा कोड आयफोनवर न्यायचे दोन मार्ग पाहतोय: जे-टू-ऑब्जसी (जावा कोड ऑब्जेक्टिव्ह-सीत उतरवणारं साधन) आणि कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म (एकच कोटलिन कोड दोन्ही फोनवर चालवणं). अॅप काय मोजतं: जीएसएमवरून (दर चौरस मीटरला ग्रॅम) वजन (30×60 इंची, 450 जीएसएम म्हणजे साधारण 520 ग्रॅम), सुताचा खप, डझनामागे मजुरी. हा हिशोब शुद्ध जावात, वेगळ्या मोड्यूलमध्ये, सुमारे 9,000 ओळी. अँड्रॉइडचा एकही इम्पोर्ट नाही. स्क्रीन आयफोनसाठी स्विफ्टयूआयमध्ये नव्यानेच लिहिणार, त्यामुळे फ्लटर सुचवू नका. मॅक आणि एक्सकोड आहे.

अँड्रॉइड स्टुडिओचा जावा-टू-कोटलिन कन्व्हर्टर चालवून पाहिला. वाक्यरचना ठीक, पण जिथे तिथे दुहेरी उद्गारचिन्हं पेरतो. खरी अडचण पुढे: कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मच्या कॉमन कोडमध्ये (दोन्ही फोनसाठी सामाईक भागात) जावाचे बिगडेसिमल (अचूक दशांश संख्या) आणि स्ट्रिंग.फॉरमॅट (आकडे मजकुरात मांडणं) नाहीत. त्याऐवजी डबल (अंदाजे साठवली जाणारी दशांश संख्या) वापरलं की 1.005 चे दोन दशांशांपर्यंत 1.01 ऐवजी 1.00 होतात, आणि मजुरीत पैशाचा फरक कुणी खपवून घेत नाही. रुपये पैशांत करून लाँगमध्ये ठेवता येतील, पण सुताचे दर तीन दशांशी आहेत, मधल्या भागाकारांचं काय?

जे-टू-ऑब्जसीने बिगडेसिमलसकट कोड उतरवला, चाचण्याही पास. मात्र तिथे गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारी सोय) नाही. ऑर्डर आणि तिच्यातल्या मालाच्या ओळी ही ऑब्जेक्ट्स एकमेकांना धरून बसतात, मेमरी सुटत नाही. ओळीकडून ऑर्डरकडे जाणाऱ्या संदर्भावर वीक अॅनोटेशन (हा संदर्भ मेमरी धरून ठेवत नाही अशी खूण) लावून एक चक्र तुटलं, बाकीची हाताने शोधतोय.

अँड्रॉइडवरचा जावा कोड तसाच ठेवायचा असेल, तर जे-टू-ऑब्जसीमधली उरलेली चक्रं बिल्डच्या वेळीच कशी पकडायची? आणि कोटलिनकडे गेलेल्यांनी हाफ-अप राउंडिंगसाठी (अर्धा आला की वर नेणं) कॉमन कोडमध्ये नेमकं काय वापरलं?