सोलर बसवायचं तर बिल बघून, गच्ची बघून नाही

(लातूर, 32 फ्लॅटची सोसायटी, सदस्यांचा ग्रुप)

सचिव, अ-201: सर्वांना नमस्कार. कॉमन मीटरच्या सोलरसाठी तीन कोटेशन आलीत: 15, 25 आणि 30 किलोवॅट. तिघंही म्हणायलेत की गच्ची मोठी आहे, बिल शून्य करून देतो. रविवारी सभा आहे. त्याआधी ज्यांना यातलं कळतं त्यांनी इथेच लिहावं. सभेत गोंधळ नको.

ब-402: 30 कामून? गच्ची मोकळी आहे म्हणून? खजिनदार साहेब, मागच्या 12 बिलांवरचे युनिट टाका. नुसते युनिट, रुपये नकोत.

खजिनदार, ब-103: एप्रिल ते मार्च मिळून 21,600. महिन्याला सरासरी 1,800. लिफ्ट, दोन पंप, बोअर, जिने आणि पार्किंगचे दिवे. मंजूर भार, म्हणजे कनेक्शनवर मंजूर असलेली कमाल क्षमता, 20 किलोवॅट.

ब-402: झालं मग. आपल्या भागात 1 किलोवॅटमधून वर्षाला साधारण 1,400 युनिट निघतात. 21,600 भागिले 1,400, म्हणजे साडेपंधरा. 15 किलोवॅट पुरे. 25 आणि 30 तर मंजूर भारातच बसत नाहीत, ते अर्जातच अडकतील.
जादा बसवलं तर काय होतं तेही सांगतो. नेट मीटरवर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजतो तो) उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हा हिशोब 31 मार्चला बंद होतो. तेव्हा शिल्लक राहिलेले युनिट वीज कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या कमी दराने घेते. आपण 50-60 हजार रुपये किलोवॅटने पॅनल बसवायचं आणि वीज स्वस्तात विकायची, हा धंदा सोसायटीचा नाही.

अ-304: काकांना दुजोरा. वर्ष एप्रिलला सुरू होतं हे आपल्या फायद्याचं आहे. एप्रिल-मेमध्ये चांगली जमा होते, ती जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत खर्ची पडते.

ब-204: पण मे महिन्यात तर आपल्याकडे आग ओकतं ऊन. तेव्हा दुप्पट वीज नाही का होत?

अ-304: नाही सर. पॅनलला उजेड लागतो, उष्णता नको असते. पॅनलवरची क्षमता 25 अंशाला मोजलेली असते. मेमध्ये हवा 42 अंश असली की पॅनलच्या आतला सेल 65-67 पर्यंत जातो. मोनो पर्क या पॅनलच्या प्रकारात दर अंशाला सुमारे 0.35 टक्के घट, म्हणजे 14-15 टक्के तिथेच गेले. टॉपकॉन प्रकारात घट 0.30 च्या आसपास, तो मराठवाड्यात थोडा बरा पडतो. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पॅनलखाली वारा खेळला पाहिजे. पत्र्याला चिकटवून बसवलेली पॅनल भाजून निघतात.

खजिनदार, ब-103: अनुदानाचं? एक जण 78,000 म्हणत होता.

ब-402: 78,000 ही एका घराची कमाल मर्यादा आहे, 3 किलोवॅटपर्यंत: पहिल्या दोन किलोवॅटला 30-30 हजार, तिसऱ्याला 18. सोसायटीच्या सामाईक वापराला पीएम सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे 18,000. आपले 15 × 18,000 = 2,70,000.
दोन अटी. पॅनल भारतीय सेलचीच हवीत, नुसती इथे जोडलेली चालत नाहीत. स्वस्त कोटेशन बहुतेक इथेच स्वस्त असतं. आणि क्षमता मोजताना पॅनल व इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज आपल्या वापराच्या एसी विजेत बदलणारं यंत्र, बॅटरीवालं नव्हे) यांतलं जे कमी ते धरतात. 15.4 किलोवॅट पॅनलवर 12 चा इन्व्हर्टर दिला तर अनुदान 12 चंच.
पैसे आधी मिळत नाहीत. संच सुरू झाल्याचा अहवाल गेल्यावर सोसायटीच्या खात्यात येतात. तोवर पूर्ण रक्कम आपल्यालाच घालावी लागते.

सचिव, अ-201: एक अडचण आहे. कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर आहे.

ब-402: मग सोलर राहू द्या, आधी नाव बदला. बिलावरचं नाव, अर्जदार आणि बँक खातं एक नसलं की फाइल तिथेच बसते. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि ठराव जोडून महावितरणकडे नावबदलाचा अर्ज द्या. हे सोमवारी सुरू करा.

अ-102: गच्चीवर एवढं वजन चढवायचं म्हणजे मला भीती वाटते बाई. किल्लारीचा भूकंप विसरलात का सगळे?

ब-301: काकू, विचारलंत ते बरं झालं, हा प्रश्न विक्रेता स्वतःहून कधीच काढत नाही. 30 सप्टेंबर 1993 नंतर लातुरात कोणीही वजनाबद्दल विचारणारच, आणि विचारावंच.
550 वॅटचं एक पॅनल 28 किलोच्या आसपास. आपल्याला 28 पॅनल लागतील, म्हणजे पावणेआठशे किलो. स्ट्रक्चर धरून हे वजन साधारण 1,500 चौरस फुटांवर पसरतं, चौरस मीटरला 15 ते 20 किलो. जिथे माणसं वावरतात त्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला 150 किलोच्या वापरभारावर डिझाइन करतात. त्यामुळे पॅनलच्या वजनाने स्लॅब खचणार नाही. जपायचं ते काँक्रीटच्या ठोकळ्यांना. ते स्लॅबच्या मधोमध रचू नयेत, बीमच्या रेषेवर यावेत.
खरा धोका खाली दाबणारा नाही, वर उचलणारा आहे. वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो तो आठवा. ताशी 150 किलोमीटरच्या वाऱ्याला अडीच चौरस मीटरच्या पॅनलवर अडीचशे किलोच्या घरात जोर येतो, आणि पॅनलचं स्वतःचं वजन 28. नुसते ठोकळे ठेवून स्ट्रक्चर उभं केलं तर ते पतंगासारखं जाईल. स्ट्रक्चर 150 किमी वाऱ्याला टिकतं असं इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र मागा. लोखंड गरम जस्तात बुडवलेलं, 80 मायक्रॉन थराचं हवं. चांदीसारखा रंग मारलेलं दोन पावसाळ्यांत गंजतं.

ब-204: आणि गळती? वरच्या मजल्यावर आमचं घर आहे.

ब-301: स्लॅबमध्ये सरळ खिळा-फास्टनर ठोकू द्यायचा नाही. जिथे पाय येणार तिथलं जुनं वॉटरप्रूफिंग काढून, केमिकल अँकरने (भोकात चिकटद्रव्य भरून) सळई बसवून वर काँक्रीटचा ठोकळा ओतायचा. मग ठोकळ्याच्या कडेने पुन्हा वॉटरप्रूफिंग आणि गोलाई. त्यानंतर गच्चीवर दोन दिवस पाणी तुंबवून बघायचं. ही चाचणी पॅनल चढवण्याआधी. नंतर खाली वाकून कोणी बघत नाही.

अ-102: पाणी तुंबवायला पाणी कुठंय?

ब-301: काकू, बरोबर बोललात. मग काम पावसाळ्याच्या तोंडावर घेऊ, पहिल्या पावसालाच तपासणी.

अ-304: जागेचं सांगतो. पॅनल दक्षिणेला तोंड करून, 15 ते 18 अंश कलते. लातूर साडेअठरा अक्षांशाच्या आतबाहेर आहे, फार उभी करायची गरज नाही. पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात बघायची. त्या महिन्यात सकाळी 9 वाजता सावली उंचीच्या पावणेदोन पट लांब पडते आणि वायव्येला जाते. आपली टाकी 10 फूट, म्हणजे तिच्या उत्तरेला, वायव्येला आणि ईशान्येला 18 फूट मोकळं ठेवायचं. डिश अँटेनाची काठीसुद्धा चालत नाही. पॅनल एकामागे एक ओळीत जोडलेली असतात, एकावर सावली आली की त्याचे बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे) काम करायला लागतात आणि पूर्ण ओळीचा व्होल्टेज घसरतो.
जोडणी: 14-14 पॅनलच्या दोन ओळी, इन्व्हर्टरला दोन स्वतंत्र एमपीपीटी (ओळीतून जास्तीत जास्त वीज काढणारे भाग) हवेत. एका पॅनलचा उघडा (लोड नसतानाचा) व्होल्टेज 49-50, म्हणजे ओळीला 700 च्या जवळ, आणि थंडीच्या सकाळी थोडा जास्तच. हा डीसी 700 व्होल्ट आहे. घरातल्या वायरमनने हात घालायचा नाही. बंद करताना आधी इन्व्हर्टरचा एसी, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलच्या बाजूचा स्विच. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही.

ब-204: एवढा महागडा संच, मग बिघडतं काय त्यात?

अ-304: बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त वस्तू. एमसी-फोर कनेक्टर, पॅनलच्या वायरी एकमेकांना जोडणारा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी बसवले की ते बसलेले वाटतात, पण आत संपर्क अर्धवट राहतो. मग तापतात, वितळतात. पकडीने दाबून क्रिंप केलेलेही तसेच. क्रिंपिंगचं हत्यार वापरलं का ते उभं राहून बघा. वायर यूव्ही सहन करणारी, 4 चौरस मिमीची तांब्याची सोलर केबल, आणि ती गच्चीवर लोळत नको.

ब-402: माझ्या मते अर्थिंग पहिलं. तीन वेगळे खड्डे: पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या तडितरक्षकाचा, स्ट्रक्चर व डीसीचा, आणि एसीचा. रोध 5 ओहमच्या आत. काळ्या मातीत पावसाळ्यात छान येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये माती भेगाळली की चढतो, म्हणून मोजणी उन्हाळ्यात करून घ्या. आपल्याकडे वीज पडते तीही मे-जूनमध्येच.
डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक तडाखा स्वतःवर घेणारे) हवेत. त्यावर छोटी खिडकी असते. हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर तो कामी आलाय, लगेच बदला. पुढचा तडाखा सरळ इन्व्हर्टरला बसतो.

सचिव, अ-201: लाइट गेल्यावर लिफ्ट सोलरवर चालेल ना?

ब-402: नाही. हे सभेत मोठ्याने सांगा, नाहीतर पहिल्याच भारनियमनात शिव्या खाल. ग्रिड, म्हणजे महावितरणची लाइन, गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. लिफ्टला आपलं जनरेटरच.
आणि त्या जनरेटरची भेट सोलरशी होता कामा नये. सोलरची केबल चेंजओव्हरच्या (लाइन की जनरेटर ते बदलणाऱ्या स्विचच्या) आधी, मीटरच्या बाजूला जोडायची. नंतर जोडली तर जनरेटर चालू झाल्यावर इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजतो आणि उलटी वीज ढकलतो. जनरेटर त्यात खराब होतो. तीनपैकी एकाच्या आराखड्यात नेमकं हेच चुकलंय, 30 किलोवॅटवाल्याच्या.

अ-304: गच्चीपासून मीटर रूमपर्यंत 40 मीटर केबल आहे. 15 किलोवॅटला फेजमागे 21 अँपिअर. 10 चौरस मिमी तांबं किंवा 16 ॲल्युमिनियम घ्या. बारीक केबल घेतली की भर दुपारी इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्टेज चढतो आणि तो ‘ओव्हर व्होल्टेज’ म्हणून बंद पडतो. लोक इन्व्हर्टरला दोष देतात. इन्व्हर्टरही पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर नको, लिफ्ट रूमच्या उत्तर भिंतीवर, वर पत्र्याची छत्री.

अ-102: पॅनल धुवायला पाणी कोण देणार? टँकरचं?

अ-304: काकू, पाइप लावायचाच नाही. ओल्या मऊ मॉपने एका पॅनलला दीड-दोन लिटर, 28 पॅनलला 60 लिटरच्या आत. नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी, सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की काच तडकू शकते. साबण-पावडर नको.
बोअरचं पाणी मात्र वापरू नका. आपलं पाणी इतकं जड की भांड्यावर बसतो तसा पांढरा थर काचेवर बसेल, आणि तो नंतर निघत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी त्याहून वाईट, त्यात क्षार जास्तच. घरच्या एसीच्या (एअर कंडिशनर) नळीतून गळणारं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतात. पावसाचं साठवलेलंही चालेल. कबुतरांची घाण आठवडाभर ठेवायची नाही, त्याखालचा सेल तापून डाग पडतो.

ब-204: सगळं खरं, पण 32 फ्लॅटनी 15 किलोवॅट लावून हवामान थांबणार आहे का?

ब-402: हिशोब करा. आपल्या देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपले 21,000 युनिट म्हणजे वर्षाला 14-15 टन. आणि पाण्याचाही विचार करा. परळीचं औष्णिक केंद्र 2015 मध्ये पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. 2016 ला आपल्याला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. कोळशाच्या विजेला कोळशाबरोबर पाणीही लागतं. गच्चीवरच्या विजेला पंधरवड्याला 60 लिटर, तेही एसीचं.

खजिनदार, ब-103: पैशाचं बघितलं. 15 किलोवॅटचं कोटेशन 8,25,000. अनुदान वजा जाता 5,55,000. स्थिर आकार सोडून आपल्याला युनिट 14 रुपयांच्या आसपास पडतं, 21,000 युनिटचे 2,94,000. साधारण दोन वर्षांत निघतं. स्थिर आकार येतच राहणार, त्यामुळे ‘शून्य बिल’ असं कोणी म्हणू नये.

ब-402: कोटेशनमध्ये जीएसटी तपासा. सप्टेंबर 2025 पासून सोलर उपकरणांवर 12 चा 5 टक्के झालाय. 70 टक्के वस्तू आणि 30 टक्के सेवा धरून एकूण 8.9 टक्के बसतो. जुन्या 13.8 ने लावला असेल तर कमी करायला सांगा.
आणि दोन्ही पंप आजच दुपारी 11 ते 3 च्या टायमरवर टाका. जागच्या जागी वापरलेलं युनिट मीटरमधून जातच नाही. नेट मीटरचे नियम उद्या बदलले तरी त्याला धक्का लागत नाही.

सचिव, अ-201: ठीक. 25 आणि 30 बाद. 15 वाल्याला वाऱ्याचं प्रमाणपत्र, तीन अर्थिंग, केबलचं माप, सेलचा भारतीय उगम आणि पाच वर्षांची देखभाल लेखी मागतो. नावबदलाचा अर्ज सोमवारी. गच्चीवर ज्यांच्या डिश आहेत त्यांनी महिनाभरात उत्तरेच्या कठड्याला हलवाव्यात.

अ-102: आणि आमच्या कुरडया?

ब-301: पूर्वेचा कोपरा सोडलाय काकू. स्ट्रक्चर आठ फूट उंच केलं तर खालीही वाळत घालता आल्या असत्या, पण उंचीबरोबर वारा जास्त लागतो आणि लोखंडही. कुरडयांना तसंही सावलीत काय वाळायचंय.

अ-102: हाव, तेबी खरंय. पूर्वेचा कोपरा लिहून ठेवा मग ठरावात.