वर्डचा टूलबार स्वतःच्या सोयीने बदलावा की आहे तसाच वापरावा?

अनुस्वार
संपादनाचं काम करताना एक गोष्ट सतत दिसते. वर्ड जसं आलं तसंच वापरायचं, वरच्या पट्टीला हात लावायचा नाही, असं बहुतेकांनी ठरवूनच टाकलेलं असतं. मला हे अजिबात पटत नाही. ज्याचा दिवस लिहिण्यात किंवा लिहिलेलं नीट करण्यात जातो, त्याने टूलबार आपल्या हाताला बसेल असा करून घेतलाच पाहिजे.

कालचंच बघा. ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल खुणेसह दाखवणारी सोय) लावलेला लांबलचक लेख समोर होता. बदल स्वीकारायचा तर रिव्ह्यू टॅब. मथळ्याची स्टाईल चुकलेली दिसली की होम. तळटीप घालायची की रेफरन्सेस. मग परत रिव्ह्यू. दर वेळी नजर मजकुरावरून उठते आणि परतल्यावर आपण कोणत्या ओळीत होतो हे शोधावं लागतं. चुका निसटतात त्या नेमक्या इथे. म्हणून बदल स्वीकारून पुढे जा, नाकारून पुढे जा, तळटीप घाला आणि नुसता मजकूर चिकटवा ही चार बटणं मी क्विक अ‍ॅक्सेस टूलबारवर, म्हणजे कोणताही टॅब उघडला तरी दिसणाऱ्या छोट्या पट्टीवर, घेतली आहेत. हव्या त्या आज्ञेवर उजवी क्लिक करून ‘अ‍ॅड टू क्विक अ‍ॅक्सेस टूलबार’ म्हटलं की झालं. ऑल्ट दाबलं की त्या बटणांवर १, २, ३ असे आकडे उमटतात. कोणताही टॅब उघडा असो, ऑल्ट आणि १ दाबलं की बदल स्वीकारला जातो. नजर ओळीवरच राहते.

रफार
मी नेमकी उलट बाजूची. कार्यालयात नव्या लोकांना वर्ड शिकवते आणि एकच संगणक तीन-तीन जण वापरतात. तिथे एकाची सोय म्हणजे दुसऱ्याची अडचण. जुन्या वर्ड २००३ मध्ये ऑल्ट दाबून बटण ओढलं की ते टूलबारवरून निघून जायचं. एकदा एकीच्या हातून छपाईचं बटण असंच गेलं आणि संगणक बिघडला असं समजून ती अर्धा तास घाबरून बसली होती. तो चेहरा मी विसरलेले नाही.

शिवाय गरज खरंच किती जणांना असते? ऑफिस २००७ घडवणाऱ्या गटातले जेन्सन हॅरिस यांनी वापराची आकडेवारी मांडली होती. वर्ड २००३ मध्ये पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाच आज्ञांचाच वाटा साधारण ३२ टक्के होता आणि टूलबार बदलून केलेलं काम २ टक्क्यांहून कमी. पाचही आज्ञांना कळफलकाचे शॉर्टकट आहेत. ते शिका, कोणत्याही संगणकावर कामाला येतात.

अनुस्वार
आकडे मान्य, निष्कर्ष नाही. ती सोय मेनूच्या पोटात दडलेली होती. ती आहे हेच माहीत नसेल तर वापरणार कोण? आणि त्या २ टक्क्यांत दिवसभर वर्डमध्येच बसणारी माणसं किती होती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. २००७ च्या रिबनमध्ये, म्हणजे टॅबमध्ये विभागलेल्या वरच्या पट्टीत, सामान्य वापरणाऱ्याला क्विक अ‍ॅक्सेस टूलबार सोडून काही हलवता येत नव्हतं, बाकी बदलांसाठी एक्सएमएल या संगणकी भाषेत लिहावं लागे. २०१० मध्ये रिबन बदलायची सोय ऑप्शन्समध्ये दिली गेली. कोणाला नकोच असती तर कशाला दिली असती?

छपाईच्या बटणाचा प्रसंग मला समजतो. पण तिथे बदल तिच्या नकळत झाला, आणि नकळत होणाऱ्या बदलाला माझाही विरोधच आहे. ऑफिस २००० चे मेनू कमी वापरातल्या आज्ञा आपणहून लपवायचे, तेही मला असह्य व्हायचं. मी बोलतोय ते विचार करून, आपल्या हाताने केलेल्या बदलाबद्दल.

काना_मात्रा
बटणांवरून वाद कशाला? ऑल्ट-क्यू दाबा, आज्ञेचं नाव लिहा, एंटर. गूगल डॉक्समध्ये टूलबार बदलता येत नाही, पण तिथेही ऑल्ट आणि तिरकी रेघ दाबून मेनू शोधता येतो. लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचात ७.२ आवृत्तीपासून त्यासाठी शिफ्ट-एस्केप आहे. पट्टीवर काय आहे आणि काय नाही, मी बघतही नाही.

अनुस्वार
शोधायला नाव आठवावं लागतं. कधीमधी लागणाऱ्या आज्ञेला ते ठीक आहे. दिवसातून दोनशे वेळा लागणाऱ्या आज्ञेचं नाव दोनशे वेळा टंकायचं का?

उद्गार
मी अनुस्वार यांच्या बाजूचा होतो. संगणक बदलला आणि कित्येक वर्षांची घडी एका दिवसात गेली. बटणं एक्स्पोर्ट करून ठेवली होती, ती आली. पण शॉर्टकट एकही आला नाही. आठवडाभर बोटं जुन्याच जागी जात होती. तेव्हापासून मी काहीही बदलत नाही.

अनुस्वार
वाचून वाईट वाटलं, कारण ते टळलं असतं. एक्स्पोर्टच्या फाईलमध्ये फक्त रिबन आणि क्विक अ‍ॅक्सेस टूलबार जातात. आपण नेमलेले शॉर्टकट सहसा नॉर्मल.डॉटएम या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या मूळ नमुन्याच्या फाईलमध्ये, असतात. जुना संगणक अजून चालू असेल तर वर्ड बंद करून ती फाईल उचला आणि नव्यावर त्याच जागी ठेवा. लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी वापरकर्त्याचं अख्खं प्रोफाईल फोल्डर जपावं.

रफार, तीन जणांच्या संगणकावरही वाट आहे. क्विक अ‍ॅक्सेस टूलबार बदलण्याच्या खिडकीत वर उजवीकडे ‘सर्व दस्तऐवजांसाठी’ असं निवडलेलं असतं. तिथे फक्त उघडी फाईल निवडता येते. मग ती बटणं त्या फाईलपुरतीच दिसतात, बाकीच्यांची पट्टी जशीच्या तशी राहते.

रफार
हे मला माहीत नव्हतं. आमच्या पत्राच्या नमुन्यात लागणारी तीन-चार बटणं त्या फाईलबरोबरच ठेवता येतील, ते करून बघते. पण नव्या माणसाला पहिले दोन महिने मूळ पट्टीवरच शिकवणार, यावर मी ठाम आहे. काय कुठे असतं हे कळायच्या आधी काय हलवायचं हे त्याला कसं कळणार?

उद्गार
जुना संगणक अजून कपाटात आहे. आज रात्री काढून बघतो.